मासा घटला की पाणकावळ्यावर खापर: आधी हे तपासून बघा

माघ सरला, तळ्यांचं पाणी उतरायला लागलं की फोन सुरू होतात. निपाणीकडून, चिक्कोडीकडून, कधी थेट अथणीहून. तक्रार दर वर्षी तीच: "तळ्यात मासा राहिला नाही दादा, सगळा त्या काळ्या कावळ्यांनी खाल्लाय बघा. काय टाकायचं तेवढं सांगा." टाकायचं म्हणजे विष. कुणी छऱ्याच्या बंदुकीचं विचारतं, कुणी बाभळीवरची घरटी पाडू का म्हणतं.

माझं काम मत्स्यबीज पोचवायचं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर या भागात शेततळ्यापासून मच्छीमार सोसायटीच्या मोठ्या तलावापर्यंत सगळीकडे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिलं, सोडायला जावं लागतं, त्यामुळे मासा गेला की बोलणी खाणाऱ्यांत पहिला नंबर माझाच. बीजवाला खोटा नसेल तर पाणकावळा खोटा, असा हिशोब असतो.

पहिली गोष्ट, विष आणि बंदूक दोन्ही विसरा. पाणकावळे, बगळे, खंड्या, तिरंदाज हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मारणं तर सोडाच, घरटी आणि अंडी पाडणं हासुद्धा गुन्हा आहे. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणं तर १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासून गुन्हाच आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी मारून काही साधत नाही. पाण्यात मासा आहे तोवर एक थवा उठवला की दुसरा येऊन बसतो.

पण पक्षी बिचारे निष्पाप असतात, लोकच वाईट, असंही मी म्हणणार नाही. पक्षीप्रेमी मंडळी असं म्हणतात आणि मग गावात त्यांचं कुणी ऐकत नाही. दोष पक्ष्याचा आहे की नाही हे पाणी कुठलं आहे त्यावर ठरतं. शेततळ्यात उत्तर एक येतं, गावतळ्यात दुसरं, आणि दूधगंगा-वेदगंगेत अगदीच तिसरं.

पक्षी कोणता, ते नीट बघा

तक्रार करणाऱ्याला मी आधी विचारतो, पक्षी काय करत होता? गुराच्या मागे फिरणारा पांढरा गायबगळा किडे, नाकतोडे खातो, त्याचा तुमच्या कटल्याशी काही संबंध नाही. चोचीत फट असलेला मोठा करकोचा, म्हणजे मुग्धबलाक, गोगलगायी आणि शिंपले फोडून खातो. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्याजवळ, घटप्रभा पक्षी अभयारण्यात, हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात. ते दाणे टिपायला शेतात जातात. त्यांच्या नावानेही बोटं मोडणारे भेटलेत मला. बदकं आणि हंस बहुतेक गवत, पाणवनस्पती, दाण्यावर जगतात.

मासे खाणारे म्हणजे पाणकावळे (कन्नड बोलणारे नीरुकागे म्हणतात), तिरंदाज, राखी बगळा, मोठा आणि लहान पांढरा बगळा, काठावर दबा धरून बसणारी ढोकरी, रातबगळे, चित्रबलाक, खंड्या, नदीसुरय. यांची शिकार करायची तऱ्हा वेगळी, म्हणून उपायही वेगळा. बगळा आणि ढोकरी उथळ पाण्यात उभे राहतात, गुडघ्याच्या वर पाणी गेलं की त्यांचं चालत नाही. खंड्या वरून सूर मारतो, त्याचा मासा बोटाएवढा. पाणकावळा खाली डुबून पाठलाग करतो, खोल पाण्यातही, आणि थवा करून मासे एका कोपऱ्यात रेटतो. खरा प्रश्न असलाच तर तो पाणकावळ्याचा आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसतो तो छोटा पाणकावळा. वजनाला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा मासा त्याला लागतो, म्हणजे साधारण ७० ते ८० ग्रॅम. मोठा पाणकावळा दोन-तीन किलोचा, त्याला रोज अर्धा किलो लागतो, पण तो शेकड्याने येतो ते मोठ्या धरणांवर. तुमच्या तळ्यावर कोणता बसलाय ते बघितल्याशिवाय हिशोब मांडू नका.

शेततळं: इथे पक्षी खरंच दोषी असू शकतो

अर्ध्या एकराचं शेततळं घ्या. त्यात २००० बोटुकली सोडली. बोटुकली ७-८ सेंटिमीटरची, एकेक साधारण ५ ग्रॅमची. म्हणजे तळ्यातला सगळा मासा मिळून १० किलो. आता वीस छोटे पाणकावळे रोज सकाळी येतात असं धरा. वीस गुणिले ७५ ग्रॅम, दीड किलो. आठवडा पुरत नाही, तळं साफ. हे गणित एकदा कागदावर मांडलं की शेतकऱ्याचा राग समजतो. मी त्याच्या बाजूचा आहे.

पण याच गणितात उपाय पण आहे. तीच २००० बोटुकली १५ सेंटिमीटरची होऊ द्या. वजन ४० ग्रॅमच्या आसपास जातं, छोट्या पाणकावळ्याच्या घशाला ती जड जाते. म्हणजे धोक्याचे दिवस सुरुवातीचे दोन-तीन महिनेच. तेवढे दिवस तळ्याच्या एका कोपऱ्यात बारीक जाळीचा हापा, म्हणजे पाण्यात बांधलेला जाळीचा पिंजरा, लावून त्यात बीज वाढवा, वरून जाळी टाका, मग मोकळं सोडा. ज्यांना हापा नको वाटतो ते स्वस्तात पडतंय म्हणून जिरे (जिऱ्याएवढी बारीक पिलं) किंवा छोटं बीज घेतात आणि थेट शेततळ्यात ओततात. त्यातलं निम्मं पहिल्या आठवड्यात मरतं. मेलेलं बीज तळाला बसतं, डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला दिसतो तो बांधावर पंख पसरून बसलेला पाणकावळा.

सोडायची रीतही बघा. पिशवी उन्हात तापलेली, तळ्याचं पाणी थंड, आणि गडी घाईत पिशवी फाडून ओततो. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घ्यावं, मग तोंड उघडावं. आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. दुपारी बाराला नाही.

कर्नाटक सरकारच्या कृषी भाग्य योजनेत २०१४ नंतर इकडे बरीच तळी झाली, कागदावर त्यांना कृषी होंड म्हणतात. प्लास्टिक अंथरलेलं, कडा उताराची, आत लपायला काडीसुद्धा नाही. मासा तिथे ताटात वाढल्यासारखा दिसतो. लपायला जागा द्या. मातीच्या तळ्यात बाभळीच्या फांद्या टाकतात ते उत्तमच, त्याने रात्री पाग (फेकायचं जाळं) टाकून चोरी करणाराही वैतागतो. पण प्लास्टिकवर बाभूळ टाकू नका, काटा कागद फोडतो. तिथे जुनी पीव्हीसी पाइपं, फुटकी कौलं, मातीची नळकांडी चालतात. बगळ्यांसाठी काठाला दीड-दोन फूट उंच जाळी उभी करा, ते काठावरून चालत आत उतरतात. पाणकावळ्यांसाठी तळ्यावरून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणाव्या लागतात. पाणी सोडून उडताना त्याला लांब धावपट्टी लागते, दोऱ्या दिसल्या की तो उतरायला कचरतो. दोरी जाड आणि दिसणारी घ्या, पांढरी किंवा भगवी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, वापरू नका. तो पक्ष्याला दिसत नाही, त्यात अडकून बगळे लोंबकळत मरतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटो काढून वनखात्याला पाठवतो.

बुजगावणं, चमकत्या सीडी, फटाके यांचा उपयोग चार-सहा दिवस. मग पक्षी बुजगावण्याच्या डोक्यावर बसतो. जागा बदलत राहिलात तर अजून थोडे दिवस.

शेततळ्यापुरतं एवढंच. याच्यापुढे मोठ्या पाण्यावर पाणकावळ्याला दोष देत असाल तर पुरावा दाखवा, असं मी म्हणतो. तो मिळवणं अवघड नाही.

झाडाखाली जाऊन बघा

पाणकावळे रात्री ज्या बाभळीवर किंवा चिंचेवर उतरतात, तिच्याखाली पांढरं शिंतोडलेलं असतं. तिथे अंगठ्याएवढ्या, बुळबुळीत पातळ आवरणाच्या गोळ्या पडलेल्या सापडतात. न पचलेला भाग ते असा तोंडाने टाकून देतात. विणीचे दिवस सोडून जा, पिलं असताना झाडाखाली गेलात तर ती घाबरून खाली पडतात. गोळी पाण्याच्या डब्यात टाका, काडीने मोकळी करा. आत बारीक काटे, खवले, माशाच्या कानातले पांढरे खडे निघतात. पाठीचे ताठ, टोकदार काटे सापडले तर तो चिलापी (तिलापिया). रोहू, कटला, मृगळ यांच्या पाठीच्या पराला तसे ताठ काटे नसतात. गावतळ्यांच्या काठी असं बघाल तर चिलापीचे काटे पुष्कळ दिसतील, बाकी मळ्या, खवल्या असला बारीक मासा.

चिलापी आपला नव्हे. १९५२ साली देशात आणला, आता डबक्यात, ओढ्यात, कुठेही आहे. तो वर्षातून कैक वेळा पिलं घालतो, तळं त्याच्या बारीक पिलांनी भरतं, मग कुणीच मोठं होत नाही, तोही नाही आणि तुमचा रोहूही नाही. अशा तळ्यात पाणकावळ्याने चिलापीची पिलं खाल्ली तर सोसायटीचं नुकसान होत नसून फायदा होतोय. हे सोसायटीच्या बैठकीत बोललो तर एकदा एक अण्णा म्हणाले, "मग त्यांना पण हिस्सा द्यायचा काय?" सगळे हसले.

परदेशात पक्ष्यांचा दोष खरा निघाल्याची उदाहरणं आहेत, हेही सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात वनायडा नावाचा तलाव आहे. तिथे अभ्यासकांनी पाणकावळ्यांच्या पोटातलं खाद्य आणि माशांची गणती वर्षानुवर्षं जुळवून दाखवलं की मोठे व्हायच्या आतले मासे पक्षी खात होते आणि त्यामुळे मासेमारी घसरली. पुढे तिथे पक्षी हुसकावले गेले. म्हणजे असं होऊ शकतं. पण ते मोजून ठरलं. आपल्याकडे मोजणी कुणी करत नाही, पानाच्या टपरीवर निकाल लागतो.

गावतळं आणि सोसायटीचा तलाव

इथे मी चार प्रश्न विचारतो आणि पहिल्या दोनातच बहुतेक वेळा गाठ सुटते.

बीज केवढं सोडलं होतं? ८ ते १० सेंटिमीटरपेक्षा लहान बीज मोठ्या तलावात टाकणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. बीज खाणारे मरळ, शिंगटी, वाम आत असतात, त्यात कुणी बंदी असलेला आफ्रिकन मांगूर सोडून ठेवलेला असेल तर विचारूच नका. मांगूर रात्री खातो, त्याला बघतो कोण? उन्हाळ्यात तळं पूर्ण आटत असेल तर त्याचा तळ उन्हात तडकू द्या, मग बीज. आटत नसेल तर बीज मोठंच घ्या, दुसरा रस्ता नाही.

कमी काय झालंय, लहान मासा की मोठा? हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि कुणी विचारत नाही. दोन किलोचा कटला मिळायचा बंद झाला असेल तर तो पाणकावळ्याने खाल्लेला नाही, त्याच्या चोचीत तो मावतच नाही. दोन किलोचा मासा जाळ्यात गेलाय. बाजारात पाटी उतरते तेव्हा नुसती उभं राहून बघा. पाव किलोचे रोहू, तळहाताएवढे मृगळ, पोटात अजून अंडं धरायचं वय नाही. हे मासे दुसऱ्या वर्षी वयात येतात. पहिल्याच वर्षी सगळे काढले तर पुढच्या वर्षी मोठा मासा कुठून येणार? बारीक आसाचं (भोकाचं) जाळं, आणि हल्ली तर मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, एका ओढीत वर्षाचा माल संपवतात. ठेका एका वर्षाचा असेल तर ठेकेदार आसाचा विचार का करेल? ठेका तीन-चार वर्षांचा असला की त्याच माणसाला मासा मोठा व्हावासा वाटायला लागतो. हे मी कित्येक ठिकाणी बघितलंय.

जाळ्यातला मासा पक्षी फाडतात ही तक्रार मात्र खरी आहे. रात्री लावलेलं जाळं सकाळी नऊला काढायला गेलात तर पक्षी, कासव, कुठे कुठे ऊद (पाणमांजर), सगळे जेवून गेलेले असतात. उजाडायच्या आत काढा. भांडण तिथेच मिटतं.

बाकीचे दोन प्रश्न तळ्याचा गाळ आणि पाण्याचा रंग. त्यातलं रंगाचं पुढे येतंच.

नदी

आता मुख्य गोष्ट. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय. या नद्यांत मासा कमी झालाय यात वाद नाही. काठच्या भोई आणि कोळी घरांत पोरं आता जाळं धरत नाहीत, एमआयडीसीत जातात. पण नदीत पाणकावळा पहिल्यापासून आहे, आणि मासाही पहिल्यापासून होता. मधे बदललं काय, ते बघायला पाहिजे.

सगळ्यात आधी चढणीचे मासे. जूनमध्ये पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले, ओढ्यांना लाल पाणी आलं की मासा नदीतून वर चढतो. ओढ्यात, वगळीत, तिथून भाताच्या खाचरात. पोटात गाभोळी गच्च भरलेली. वाहत्या नव्या पाण्यात, बुडालेल्या गवतावर अंडी टाकायची आणि पाणी ओसरताना खाली उतरायचं. रोहू-कटल्यासारखे मासे तर साठलेल्या पाण्यात अंडी टाकतच नाहीत, त्यांना पुराचं पाणी लागतं. म्हणून तर १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन माशाची वीण करवून दाखवली तेव्हा देशात मत्स्यशेती उभी राहिली. त्याच्याआधी बीज नदीतूनच गोळा करायला लागायचं.

खानापूर भागात चढणीचे मासे म्हणजे सण. मीही खाल्लेत, चव सांगायला नको. पण पूर्वी लोक बुट्टी, हात, फार तर साधी खोयीन (मासे धरायचा सापळा) घेऊन जायचे. निम्मा मासा निसटून वर जायचा. आता ओढ्याच्या मुखाला आडवी जाळी लागते, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि रात्रभर बॅटरीचा उजेड. कुणी बॅटरीचा करंट सोडतं, वीतभर पिलूसुद्धा उलटं होऊन वर येतं. एका किलोच्या रोहूच्या मादीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. जूनमधल्या एका रात्री ओढ्याच्या तोंडावर धरलेल्या पन्नास माद्या म्हणजे किती पिलं गेली याचा गुणाकार तुम्हीच करा. पाणकावळ्यांचा अख्खा थवा पुढच्या उन्हाळ्यात जे खाईल ते यातून वाचलेलं असतं. आणि लाख अंड्यांतली बहुतेक पिलं तशीही मोठी होत नाहीत, कुणी ना कुणी खातंच, निसर्गाचा हिशोब तसाच धरलेला आहे. मादीच गेली तर तो हिशोबच बंद पडतो.

दुसरी गोष्ट बंधारे. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेले म्हणून ही नावं पेपरात येतात, पण हे नुसते पूल नाहीत, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, मे-जूनमध्ये काढायचे. ऊस त्यावरच उभा आहे, त्यामुळे बंधारे नकोत असं म्हणणारा मी नाही, म्हणून चालणारही नाही. पण माशाला शिडी ठेवलेला बंधारा या पट्ट्यात मला अजून दिसलेला नाही. बरगे काढायला उशीर झाला आणि पाऊस वेळेवर आला की चढणीचा मासा बंधाऱ्याच्या खाली येऊन थटतो. वर जाता येत नाही. तिथे बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाग टाकणाऱ्यांची रांग लागते, आणि बरोबर पाणकावळे, बगळे, घारीही येतात. फोटो काढणारा पक्ष्यांचा फोटो काढतो.

हिवाळ्यात उलटं होतं. बरगे घातले की बंधाऱ्याच्या खालची नदी ओढ्यासारखी होते, मग डबकी. मासा त्या डबक्यात अडकतो. मार्च-एप्रिलमध्ये कृष्णेचं पात्र चिक्कोडी-अथणीकडे कोरडं पडायला लागलं की कर्नाटकाला कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे विनंती करावी लागते, हे तर दर दुष्काळी वर्षाचं ठरलेलं. वाळू उपसून उपसून पूर्वीचे डोह एकतर भरले किंवा खचले. उन्हाळ्यात मासा ज्या डोहात जीव धरून राहायचा तो डोहच नाही. शेवटच्या डबक्यात शंभर पाणकावळे बसलेले दिसतात आणि म्हातारी माणसं म्हणतात, एवढे पक्षी पूर्वी नव्हते. पूर्वीही होते की, कोसभर नदीवर पांगलेले. आता पाणीच एका जागी उरलंय.

पाण्याचा रंग

पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतं आणि सीमा ओलांडून आपल्याकडे येतं. दूधगंगा, वेदगंगा तर वरूनच येतात, काळम्मावाडी आणि पाटगावच्या धरणांतून. वाटेत साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, गावांची गटारं. सीमेच्या अलीकडचे कारखानेही धुतल्या तांदळाचे नाहीत. गळीत हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि नदीचं पाणी उतरत जातं तेही याच दिवसांत. डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याला प्रक्रिया केली नाही तर ते कुजताना लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मागतं. गावच्या गटाराच्या पाण्याला अडीचशे-तीनशे लागतो. थोडी मळीसुद्धा साठलेल्या पाण्यात शिरली की काय होत असेल ते बघा. माशाला निवांत जगायला लिटरला ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, २ च्या खाली गेला की बहुतेक मासा तगत नाही. मरळ आणि मांगूर वरून हवा घेतात म्हणून टिकतात, बाकीचे जातात.

हे ओळखायचं कसं? पहाटे जा, उजाडायच्या वेळेला. रात्रभर पाणवनस्पतीही ऑक्सिजनच खातात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे पाण्याच्या वर तोंड काढून चपचप करत असतील, जिवंत मासा हातानेही धरता येत असेल, पाणी चहासारखं तांबूस आणि गुळासारखा आंबूस वास असेल, तर उत्तर मिळालं. अशा सकाळी पक्षी हमखास जमतात. मासा वर आलाय, अर्धमेला आहे, त्यांना फुकटची मेजवानी. आठ वाजता जो माणूस जातो त्याला दिसतात मेलेले मासे आणि पोट भरलेले पाणकावळे, आणि तो फोन मला करतो.

असं झालं तर मला नको, दुसरीकडे करा. मासे मेल्याचं पाणी वाहून जातं, दुपारपर्यंत पुरावा संपतो. स्वच्छ बाटल्या घ्या, एक बाटली घाण मिसळते त्याच्या वरच्या अंगाची, एक खालच्या अंगाची, काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. ताजा मेलेला मासा वेगळ्या पिशवीत बर्फावर. मत्स्य खात्याला, तालुका कचेरीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या, पोच घ्या. घाण वरून येत असेल तर अर्ज दोन्ही राज्यांच्या मंडळांना द्यायचा, कन्नडमध्ये एक, मराठीत एक. नाहीतर इकडचे म्हणतात तिकडून आलं, तिकडचे म्हणतात आमच्या हद्दीत काही नाही, आणि मासा मधल्या मधे मरतो. एकट्याने अर्ज दिला तर तो फायलीत पडतो, सोसायटी आणि ग्रामपंचायत दोघांच्या शिक्क्याने द्या.

मे महिन्यात करायचं काम

नदीवाल्यांसाठी माझ्याकडे औषध नाही. पण मे महिना हातात असतो, आणि त्यात एक काम होण्यासारखं आहे. गावात कोणत्या दोन-तीन ओढ्यांतून मासा चढतो ते म्हाताऱ्यांना माहीत असतं. पाऊस लागल्यापासून पहिले आठ-दहा दिवस त्या ओढ्यांच्या तोंडावर आडवं जाळं लावायचं नाही, करंट तर अजिबात नाही, एवढा ठराव ग्रामसभेत करून घ्यायचा. हाताने, बुट्टीने धरणाऱ्याला धरू द्या, नाहीतर ठराव टिकणार नाही. बंधाऱ्याचे बरगे पाऊस लागायच्या आत निघाले पाहिजेत म्हणून पाटबंधारे खात्याला आठवणीचं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात द्या, जून उजाडल्यावर नाही. नदीत जो एखादा डोह अजून शिल्लक आहे, तिथे वाळूची गाडी उतरू द्यायची नाही आणि उन्हाळ्यात जाळंही नाही.

शेततळेवाल्यांनी बीजाची मागणी करताना आकार सेंटिमीटरमध्ये लिहून द्या, नुसतं "मोठं बीज पाठवा" म्हणू नका. पिशवी आली की मूठभर बीज ताटात काढून मोजपट्टीवर ठेवून बघा, लहान निघालं तर परत करा. माझं बीज असलं तरी.